प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं

कुडचड्याच्या रवींद्र भवनात, छोट्या सभागृहात,
बहात्तर खुर्च्या. भरल्या चाळीसेक,
त्यातल्या अकरा कॉलेजच्या मुली, हजेरीसाठी.
माईक आधी शिट्टी मारतो, मग माझं नाव घेतो.
शाल, नारळ, आणि पतसंस्थेचं कॅलेंडर,
ज्यातले सात महिने संपलेत.

डावीकडे इनास फुर्ताद: रोमी लिपीत सतरा कादंबऱ्या,
सगळ्या पदरच्या पैशाने, सगळ्या संपलेल्या.
उजवीकडे मिथिल, पहिलाच कथासंग्रह,
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसलेला.
मधे मी. लिहिते मराठीत,
भांडते कोंकणीत.

प्राध्यापिका विचारतात,
"आपला लेखनप्रवास कसा झाला?"
"कदंबाने," इनास म्हणतो. "मडगावपर्यंत उभ्याने."
मुली पहिल्यांदा वर बघतात.
मिथिल म्हणतो, प्रवासाचं माहीत नाही, मला नोकरी हवीय,
आणि हे विनोद म्हणून घेतलं जातं.

मग मी माझं ठरलेलं सांगते,
सांगून सांगून गुळगुळीत झालेलं:
खाणीवर वजनकाट्याची कारकून होते,
एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत
रद्द पावत्यांच्या पाठीवर चार ओळी.
भरल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा केला
की उरतो तो माल. "कथाही तशीच असते,"
म्हणते, आणि थांबते.
टाळ्या येतात. या जागी नेहमी येतात.

बाहेर पोदेराचा भोंगा वाजतो,
दोन बायका पिशव्या घेऊन उठतात.

शेवटच्या रांगेतला म्हातारा उभा राहतो.
माईक नको म्हणतो.
"बाये, पुस्तक बरें बरयलां.
पूण त्या दिसा पावस नासलो.
धुल्ल आशिल्ली."

मला कळायला वेळ लागतो.
तिसरी गोष्ट. कापशेच्या जेटीकडे जाताना
वळणावर उलटलेला ट्रक.
मी तिथे पाऊस पाडला होता, चांगला दीड पान.
एका परीक्षणात त्याला नियतीचा पाऊस म्हटलं होतं,
ते कात्रण अजून आहे माझ्याकडे.

एप्रिल होता. समोरच्या गाडीचा दिवा दिसत नव्हता.
रस्ता भिजवायला कंपनीचा टँकर यायचा,
तो नऊ दिवस आला नव्हता.
हे मला कोणी सांगायची गरज नव्हती,
माझ्याच अक्षरात होतं रजिस्टरमध्ये:
टँकर फेऱ्या, शून्य. खाली शून्य. खाली शून्य.
आणि पुस्तक निघालं तेव्हा
मी पगारावर होते.

"शाबा म्हजो भाव," तो म्हणतो, आणि बसतो.

प्राध्यापिका लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी
काहीतरी चांगलं बोलतात. घड्याळ बघतात.
मी म्हणते, "होय, धूळ होती."
माईक तोंडापासून लांब होता,
पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं असेल.
इनासने ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
पाण्याचा ग्लास तेवढा सरकवला.

चहाच्या वेळी म्हातारा टेबलाशी येतो.
पुतू वेळीप. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर.
आत बॉलपेनने दुरुस्त्या, रागाच्या नव्हेत,
सरळ, पट्टी लावून मारलेल्या रेघा:
जीडीटी २४७१ नव्हे, २४१७.
क्लीनर नव्हताच.
आणि जिथे जिथे पाऊस होता
तिथे खोडून, समासात, धूळ.

"सय कर," तो म्हणतो.

मी पहिलं पान उघडत नाही.
काट्यावरचा नियम होता,
खाडाखोड असेल तिथे कारकुनाची आखूड सही लागते,
नाहीतर पावती चालत नाही.
एकेका धुळीपुढे करत गेले.
मागे मुली रांगेत उभ्या, मिथिलसाठी,
शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता.
पाचव्या पानावर पेन अडकलं.
पुतूने खिशातून स्वतःचं काढून दिलं,
टोपण काढून.